तथागतांनी फेडलेले घराचे ऋण

आज वैशाख शुद्ध पौर्णिमा. भगवान गौतम बुद्धांचा जन्म, त्यांना झालेली संबोधी आणि त्यांचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटना परंपरेने याच एका तिथीशी जोडल्या आहेत. दशावतारांची नावे घेताना आपल्या घरांतून नववे नाव त्यांचे उच्चारले जाते. जयदेव कवीने गीतगोविंदात पशुहत्येने कळवळलेला अवतार म्हणून त्यांना वंदन केले. महाराष्ट्रातील दशावतारांच्या काही जुन्या चित्रांत तर नवव्या स्थानी विटेवरचा विठ्ठलच दिसतो. बौद्धधर्मीय मात्र बुद्धांना कोणाचा अवतार मानत नाहीत; आणि स्वतः तथागतांनीही आपण केवळ मार्ग दाखविणारे आहोत, चालणे ज्याचे त्यानेच करावयाचे आहे, अशीच भूमिका आयुष्यभर घेतली. म्हणून आजच्या पवित्र दिवशी त्यांच्यापुढे हात जोडण्याबरोबरच, एक माणूस म्हणून ते कसे जगले आणि त्यांनी काय सांगितले, हे श्रद्धेने समजून घेणे उचित होईल.

बुद्धचरित्र ऐकताना धर्मशील गृहस्थाच्या मनात, विशेषतः घरातील मायमाउलींच्या मनात, एक शंका हमखास उभी राहते. उतारवयाकडे झुकलेला पिता, तरुण पत्नी आणि नुकताच जन्मलेला पुत्र यांना सोडून सिद्धार्थ निघून गेला, हे योग्य झाले काय? ज्या भूमीत मातापित्यांची सेवा सोडवेना म्हणून पुंडलिकाने प्रत्यक्ष परब्रह्माला विटेवर तिष्ठत ठेवले, त्या भूमीत ही शंका येणे स्वाभाविक आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण फेडल्यावाचून मोक्षाच्या मागे लागू नये, असे आपले स्मृतिकारही सांगतात. ही शंका अश्रद्धेची नव्हे. तिचे उत्तर बुद्धांच्या पुढील चरित्रात आहे, आणि त्या उत्तरातच त्यांच्या धर्माचे सारही सामावलेले आहे.

शाक्यकुळातील जन्म

हिमालयाच्या पायथ्याशी रोहिणी नदीच्या परिसरात शाक्यांचे एक छोटे गणराज्य होते. कपिलवस्तू हे त्यांचे मुख्य नगर. तेथे एकट्या राजाची अनिर्बंध सत्ता नव्हती; कुलांचे प्रमुख सभागृहात एकत्र जमून राज्यकारभार पाहत, आणि त्या सर्वांवर कोसलच्या राजाचे अधिराज्य असे. शाक्य हे भातशेती करणारे क्षत्रिय. त्यांच्यातील एका प्रमुखाचे नाव शुद्धोदन, म्हणजे शुद्ध ओदन, निर्मळ भात. त्यांची पत्नी मायादेवी प्रसूतीसाठी माहेरी देवदहास निघाली असता वाटेतच लुंबिनीवनात तिला पुत्र झाला. त्याचे नाव सिद्धार्थ ठेवण्यात आले.

रूढ कालगणनेनुसार हे वर्ष इ. स. पू. ५६३ होय, अलीकडचे अनेक संशोधक हा काळ सुमारे शतकभर पुढे आणतात. जन्मस्थानाविषयी मात्र शंका नाही. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोकाने स्वतः तेथे येऊन पूजा केली, शिलास्तंभ उभारला आणि त्या गावाचा कर कमी केला, असे त्या स्तंभावरच कोरलेले आहे. हा लेख १८९६ साली पुन्हा उजेडात आला. लुंबिनी आज नेपाळच्या हद्दीत आहे.

बाळ सात दिवसांचे असताना मायादेवी निवर्तली. तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने त्याला आपले दूध पाजून वाढविले. सिद्धार्थाच्या बाळपणातील एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पेरणीच्या उत्सवात शुद्धोदन स्वतः नांगर धरीत असता हा मुलगा जांभळीच्या सावलीत एकटाच बसला आणि त्याचे चित्त सहजपणे ध्यानात स्थिरावले. पुढे एका अत्यंत बिकट क्षणी हीच आठवण त्याला मार्ग दाखविणार होती.

आसवांनी भिजलेला निरोप

यौवनात यशोधरेशी विवाह झाला. सुखाची सर्व साधने होती. परंतु म्हातारपण, व्याधी आणि मृत्यू यांचा विचार सिद्धार्थाला स्वस्थ बसू देईना. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांची आणि मध्यरात्री कंथक घोड्यावरून छन्न सारथ्यासह केलेल्या प्रयाणाची कथा सर्वांना परिचित आहे. तथापि पाली वाङ्मयातील जुन्या भागात बुद्धांनी स्वतः सांगितलेला वृत्तान्त याहून साधा आणि अधिक हृदयस्पर्शी आहे. त्यात मध्यरात्र नाही, घोडा नाही. आपण तरुण होतो, केस काळेभोर होते, आईवडील नको म्हणत होते, त्यांचे चेहरे आसवांनी भिजले होते, आणि त्यांच्यादेखत आपण मुंडन करून काषाय वस्त्रे धारण केली, असे त्यांनी भिक्षूंना सांगितले. गोव्यात जन्मलेले आणि धर्मज्ञानासाठी घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेलेले आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या मराठी बुद्धचरित्रात या जुन्या वृत्तान्ताकडे वाचकांचे लक्ष वेधले आहे.

याचा अर्थ असा की, घरच्यांचे दुःख बुद्धांनी कधी लपविले नाही. ते आपल्यामुळे झाले, हेही ते विसरले नाहीत. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले ते प्रेम आटले म्हणून नव्हे. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे ती सर्व माणसे एके दिवशी जराजर्जर होणार आणि मरणार, मग त्यांना केवळ कवटाळून बसल्याने त्यांचे काय हित होणार, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. औषध शोधावयास निघालेला मनुष्य रुग्णाला घरी ठेवून जातो, तसे हे जाणे होते. औषध सापडेल की नाही, हे मात्र त्या दिवशी त्यांनाही ठाऊक नव्हते.

बोधिवृक्षाखाली

आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांपाशी सिद्धार्थाने ध्यानयोगाचे शिक्षण घेतले. त्यातील उच्च अवस्था साधूनही समाधान होईना. नंतर उरुवेला येथे पाच सहकाऱ्यांसह त्याने घोर तपश्चर्या आरंभिली. आहार इतका कमी केला की पोटाला हात लावावा तो पाठीचा कणा हाती लागे. सहा वर्षे अशी गेली. देह झिजला, परंतु ज्ञानाचा उदय झाला नाही.

या निराशेच्या क्षणी त्याला ती जांभळीची सावली आठवली. लहानपणी देहाला पीडा न देताच चित्त शांत झाले होते. तोच मार्ग असू शकेल, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने अन्न ग्रहण केले. सुजाता नावाच्या गृहिणीने दिलेली खीर हे ते अन्न, असे परंपरा सांगते. सहकारी तपस्व्यांना वाटले, हा तपोभ्रष्ट झाला; ते त्याला सोडून गेले. नैरंजना नदीच्या काठी पिंपळाखाली सिद्धार्थ बसला आणि वैशाखी पौर्णिमेच्या रात्री त्याला सम्यक संबोधी प्राप्त झाली. पस्तिसाव्या वर्षी सिद्धार्थ गौतम बुद्ध झाले. ज्या अन्नाच्या बळावर ते त्या आसनावर बसले, ते एका घरच्या चुलीवर शिजलेले होते, हे आपण ध्यानी ठेवू या.

चार आर्यसत्ये

सोडून गेलेल्या त्या पाच सहकाऱ्यांनाच बुद्धांनी आपला पहिला उपदेश केला. काशीजवळच्या ऋषिपत्तनात, म्हणजे आजच्या सारनाथला, आषाढी पौर्णिमेस हे धर्मचक्रप्रवर्तन झाले. आपण ही तिथी गुरुपौर्णिमा म्हणून पाळतो. भोगात लोळणे आणि देहाला जाळणे ही दोन्ही टोके टाळून मधला मार्ग धरावा, हे त्या उपदेशाचे पहिले सूत्र होते.

पुढील विवेचन एखाद्या कुशल वैद्याच्या रीतीचे आहे. वैद्य प्रथम रोग ओळखतो, मग त्याचे कारण शोधतो, तो बरा होईल की नाही ते ठरवतो आणि शेवटी औषध देतो. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य. जन्म, जरा, व्याधी, मरण, अप्रियाचा संयोग आणि प्रियाचा वियोग यांतून कोणी सुटलेला नाही. दुःखाला कारण आहे, हे दुसरे. ते कारण म्हणजे तृष्णा, न शमणारी हाव. कारण नाहीसे केले तर दुःखाचा निरोध होतो, हे तिसरे. यालाच निर्वाण म्हणतात. लोभ, द्वेष आणि मोह हे तीन अग्नी विझणे, असा त्याचा अर्थ आहे. या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे, हे चौथे.

तो मार्ग आठ अंगांचा आहे. वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहणे ही सम्यक दृष्टी. अहिंसेचा आणि निर्लोभतेचा निश्चय हा सम्यक संकल्प. खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड टाळणे ही सम्यक वाचा. शुद्ध आचरण हा सम्यक कर्मान्त. कोणालाही अपाय न करता मिळविलेली भाकर हा सम्यक आजीव. वाईट वृत्तींना आवरून चांगल्या वृत्ती जोपासणे हा सम्यक व्यायाम. देहाच्या आणि मनाच्या प्रत्येक हालचालीचे भान ही सम्यक स्मृती. आणि चित्ताची एकाग्रता ही सम्यक समाधी. यांत कर्मकांड नाही, पशुयज्ञ नाही, जन्माने मिळणारा अधिकारही नाही.

जगातील प्रत्येक गोष्ट कारणांपासून उत्पन्न होते आणि कारणे सरली की लय पावते, असे बुद्ध सांगतात. या बदलत्या प्रवाहात नित्य असा आत्मा त्यांनी मानला नाही. येथे वेदान्ताची आणि बौद्ध विचाराची वाट वेगळी होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु कर्माचे मर्म त्याच्या हेतूत आहे, आणि मी व माझे हा अहंकार गळाल्यावाचून शांती नाही, या ठिकाणी दोन्ही वाटांवरचे वाटसरू एकमेकांना सहज ओळखतील.

कपिलवस्तूस पुनरागमन

औषध सापडले. आता ते घरी नेणे उरले होते. शुद्धोदनांचे निरोपावर निरोप येत होते. अखेरीस बुद्ध भिक्षुसंघासह कपिलवस्तूस आले आणि दुसऱ्या दिवशी, भिक्षूंच्या नित्यक्रमाप्रमाणे, आपल्याच नगरात घरोघर भिक्षा मागू लागले. पित्याला ते पाहवेना. आपल्या कुळात कोणी भीक मागितली नाही, असे त्यांनी व्याकूळ होऊन म्हटले. आता आपले कुळ बुद्धांचे आहे आणि त्या कुळाची रीत हीच आहे, असे पुत्राने नम्रपणे सांगितले. पिता त्यांना हात धरून घरी घेऊन गेला.

घरातील सर्व मंडळी दर्शनास आली. एकटी यशोधरा आली नाही. आपल्या ठायी काही पुण्य असेल तर ते स्वतःच येतील, असे म्हणून ती आपल्या दालनात बसून राहिली. बुद्ध तिच्याकडे गेले. तिला जसे वंदन करावेसे वाटेल तसे करू द्यावे, कोणी आडवू नये, असे त्यांनी बरोबरच्या शिष्यांना आधीच बजावले होते. ती आली, त्यांच्या पायांना मिठी घालून त्यांवर तिने मस्तक ठेवले. पती काषाय वस्त्रे नेसतो असे कळल्यापासून तिनेही तीच नेसली होती, तो एकवेळ जेवतो असे ऐकून तीही एकवेळच जेवत होती, हे शुद्धोदनांनी सांगितले. बुद्धांनी ते शांतपणे ऐकले आणि तिच्या निष्ठेचा सर्वांसमक्ष गौरव केला. बौद्ध परंपरा ही कथा जपून ठेवते, यातच त्या परंपरेचे मोठेपण आहे. यशोधरेच्या दुःखावर तिने पडदा टाकला नाही.

मग राहुल. यशोधरेने त्याला पित्याकडे पाठविले आणि आपला वारसा मागावयास सांगितले. सात वर्षांचा तो मुलगा बुद्धांच्या मागे मागे चालू लागला. त्यांची सावली सुखाची आहे, असेही तो बोलून गेला. ज्याच्यापाशी धन नाही त्याने मुलाला काय द्यावे? बुद्धांनी त्याला सारिपुत्तांच्या हाती सोपवून संघात घेतले. पण नातूही गेला हे पाहून शुद्धोदनांचा धीर सुटला. पुत्रप्रेम कातडी, मांस आणि हाडे भेदून मज्जेपर्यंत जाऊन पोहोचते, असे त्यांनी बुद्धांना कळवळून सांगितले आणि यापुढे मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणाच्याही मुलाला दीक्षा देऊ नये, अशी याचना केली. बुद्धांनी ती तत्काळ मान्य केली. तो नियम संघाच्या विनयात समाविष्ट झाला आणि अडीच हजार वर्षे टिकून राहिला. जगाला उपदेश करणाऱ्या पुत्राने आपल्या म्हाताऱ्या पित्याचे ऐकले, एवढेच नव्हे तर ते ऐकणे सर्वांसाठी बंधनकारक केले.

मावशीची पायपीट

शुद्धोदनांच्या निधनानंतर महाप्रजापती गौतमीने संघात प्रवेश मागितला. बुद्धांनी तीन वेळा नकार दिला आणि ते वैशालीस निघून गेले. तेव्हा तिने केस कापले, काषाय वस्त्रे नेसली आणि पुष्कळ शाक्य स्त्रियांसह ती पायी वैशालीस आली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, अशी ती विहाराच्या दाराबाहेर उभी असलेली आनंद या शिष्याने पाहिली. त्याने तिची बाजू घेतली. स्त्रियांना निर्वाण साधता येते काय, असे त्याने विचारले. साधता येते, असे उत्तर मिळाले. मग जिने आपले दूध पाजून तुम्हांला वाढविले तिला ही वाट का मोकळी करू नये, असे तो म्हणाला. बुद्धांनी अनुमती दिली. तिच्यासोबत आठ कडक अटी आल्या, ज्यांत भिक्षुणींना भिक्षूंच्या खालचे स्थान होते; आजच्या मनाला त्या खुपतात. परंतु घराबाहेर पडून मोक्षसाधना करण्याचा अधिकार स्त्रीसमूहाला संघरूपाने मिळाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्या भिक्षुणींच्या रचना थेरीगाथा या ग्रंथात आजही वाचावयास मिळतात.

संघात जातीलाही थारा नव्हता. शाक्य तरुण दीक्षेस आले तेव्हा त्यांनी आपला न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आपण त्याला वंदन करू आणि आपला कुलाभिमान उतरेल, असे स्वतःच सुचविले. बुद्धांनी तसेच केले. पुढे हाच उपाली विनयाचा श्रेष्ठ जाणता ठरला.

गृहस्थाचा धर्म

सर्वांनी घर सोडावे, असे मात्र बुद्धांनी कधीही सांगितले नाही. श्रावस्तीचा दानशूर श्रेष्ठी अनाथपिंडिक, मिगारमाता विशाखा हे त्यांचे थोर भक्त अखेरपर्यंत संसारातच राहिले. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहणे हे पंचशील त्यांनी गृहस्थांना दिले.

राजगृहातील सिगाल नावाच्या तरुणाची कथा या दृष्टीने मोलाची आहे. मरणाऱ्या पित्याला दिलेल्या शब्दाखातर तो रोज पहाटे ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. बुद्धांनी त्याला हसले नाही, पूजा सोडावयासही सांगितले नाही. त्यांनी त्या पूजेला अर्थ दिला. पूर्व दिशा म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे घरचे चाकर, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. यांच्याशी कर्तव्याने वागणे, हीच दिशांची पूजा. पतीने पत्नीचा मान राखावा, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील सत्ता तिच्या हाती द्यावी. चाकरांना झेपेल तेवढेच काम द्यावे, पोटभर अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्यांची शुश्रूषा करावी, घरात काही गोडधोड झाले तर त्यांनाही द्यावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. देवपूजा करून उठलेल्या प्रत्येक गृहस्थाने हा उपदेश स्वतःला एकदा लावून पाहावा.

श्रावस्तीची किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत दारोदार फिरत होती. बुद्धांनी तिला मूठभर मोहरी आणावयास सांगितली, मात्र ज्या घरी कोणी मेले नाही अशाच घरची. ती घरोघर गेली. मोहरी सर्वत्र होती, पण तसे घर कोठेच नव्हते. दुःख आपल्या एकटीचे नाही हे तिला कळले आणि तिने मुलाचा अंत्यसंस्कार केला. तत्त्वज्ञानाचा एक शब्द न बोलता पहिले आर्यसत्य बुद्धांनी एका आईला असे शिकविले.

असाच प्रसंग एका आजारी भिक्षूचा. अतिसाराने तो स्वतःच्याच मळात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून बिछान्यावर निजविले. मग त्यांनी भिक्षूंना जमवून बजावले की, येथे तुमची सेवा करावयास आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे झाले पाहिजे. ज्यांनी घर सोडले होते त्यांना बुद्ध घरपणच शिकवीत होते.

मातापित्यांचे ऋण फेडण्याविषयीही त्यांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. शंभर वर्षे आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर वाहून सेवा केली, तरी ते ऋण फिटत नाही. परंतु जो त्यांना श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांच्या ठायी स्थिर करतो, तो मात्र त्या ऋणातून मुक्त होतो. शुद्धोदनांच्या अखेरच्या आजारात बुद्ध त्यांच्या शय्येपाशी होते आणि त्यांनी पित्याला धर्म सांगितला, अशी परंपरा आहे. पुत्र, माता आणि पत्नी यांना त्यांनी आपल्याच वाटेवर घेतले. यशोधराही पुढे भिक्षुणी झाली, असे तीच परंपरा सांगते. आरंभी ज्या शंकेचा उल्लेख केला तिचे उत्तर येथे आहे. त्या आसवांची किंमत बुद्धांना ठाऊक होती, म्हणून त्यांनी सापडलेले औषध प्रथम आपल्या माणसांच्या हाती दिले आणि मग आयुष्यभर ते प्रत्येक दारी नेले.

कुशिनारेच्या शालवृक्षांखाली

ऐंशीव्या वर्षी बुद्ध राजगृहाहून अखेरच्या प्रवासास निघाले. वैशालीजवळ मोठे आजारपण झाले. पुढे पावा येथे चुंद नावाच्या लोहाराने त्यांना भक्तिभावाने भोजन दिले. त्यानंतर त्यांचा विकार बळावला. असह्य वेदना होत असतानाही त्यांना चिंता चुंदाची होती. आपल्या अन्नाने बुद्धांचा अंत झाला, या विचाराने तो गृहस्थ आयुष्यभर जळत राहील, हे ओळखून त्यांनी आनंदाला निरोप दिला. ज्या भोजनानंतर संबोधी लाभली आणि ज्या भोजनानंतर निर्वाण होणार, त्या दोन्हींचे पुण्य सारखेच थोर आहे, असे चुंदाला सांगण्याची त्यांनी आज्ञा केली. उरुवेलेची ती खीर आणि पाव्याचे हे भोजन, दोन्ही गृहस्थांच्या घरची. दोहोंचे ऋण त्यांनी जाण्यापूर्वी मान्य केले.

कुशिनारेस दोन शालवृक्षांच्या मध्ये ते पहुडले. आनंद दाराला टेकून रडत होता; त्याला जवळ बोलावून त्यांनी त्याच्या पंचवीस वर्षांच्या सेवेचे कौतुक केले. भेटीस आलेल्या सुभद्र नावाच्या परिव्राजकाला शिष्य परत पाठवीत होते, तर त्याला आत बोलावून त्यांनी त्याही अवस्थेत उपदेश केला. आपल्यामागे गादीवर कोणालाही न बसविता त्यांनी धर्म आणि विनय यांनाच गुरू मानण्यास सांगितले. सर्व संस्कार नाशवंत आहेत, सावध राहून आपले ध्येय साधा, एवढे सांगून ते शांत झाले.

महाराष्ट्राच्या डोंगरांत त्यांच्या धर्माच्या खुणा जागोजागी आहेत. सोपाऱ्यास अशोकाचे लेख आणि स्तूप मिळाले. भाजे, कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथील लेणी ब्राह्मी लेखांनी भरलेली आहेत. हे लेख वाचले म्हणजे कळते की कोणी खांब दिला, कोणी पाण्याची पोढी दिली, आणि ते देणारे पुष्कळदा साधे गृहस्थ, व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया होत्या. घर सोडलेल्या तथागतांसाठी सह्याद्रीत दगडी घरे कोरली ती संसारी माणसांनी. मध्यंतरी कित्येक शतके ही वंदना येथे मंदावली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि मराठी घराघरांतून पंचशीलाचे स्वर पुन्हा उमटू लागले. जातीच्या ज्या जाचामुळे त्यांना ही वाट धरावी लागली, त्याचे ऋण मात्र उरलेल्या समाजाकडे आहे, हे आजच्या दिवशी विसरता येणार नाही.

आज सायंकाळी शेजारच्या वस्तीतून बुद्धवंदना ऐकू येईल, पांढऱ्या वस्त्रांतील माणसे दिवे लावतील, घरोघर खीर होईल. देवघरात नवव्या अवताराचे नाव घेणाऱ्या आपण त्या दारापर्यंत चालत जावे. सिगालाला शिकविलेल्या सहा दिशा आपल्या घरापासूनच सुरू होतात, आणि शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी त्या थांबत नाहीत.